सोर्सवरनं स्क्विड कसा बसवायचा : पहिल्यांदाच कंपाईल करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे, १४ मशीन, सगळ्या लिनक्सवर, आणि नेटचं कनेक्शन एकच. अपडेट आले की चौदाच्या चौदा मशीन तीच फाईल चौदा वेळा खाली ओढायच्या आणि पोरांचा प्रॅक्टिकलचा तास तिथंच संपायचा. म्हणून एका जुन्या मशीनवर स्क्विड प्रॉक्सी बसवली, आधी तयार पॅकेजवरनं आणि मग सोर्सवरनं स्वतः कंपाईल करून. तेव्हापासनं क्लासला येणारी पोरं सारखी विचारतात की सर हे कंपाईल करणं म्हणजे नेमकं काय करायचं असतंय, तर एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. सोर्स म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रामचा मूळ मजकूर, आणि कंपाईल म्हणजे त्यातनं मशीनला चालवता येईल असा प्रोग्राम बनवणं. मी उबुंटूवर केलंय, डेबियनवर पण असंच चालतंय.

कमांड इथं फोनवर सांगतो तशा उच्चाराप्रमाणं लिहिल्यात. टर्मिनलमध्ये टाईप करताना इंग्रजीत, छोट्या अक्षरात टाका. मोठं अक्षर लागेल तिथं मी तसं सांगितलंय. डॅश, डॉट, स्लॅश जसे दिसतात तसेच टाका, स्पेस सुद्धा. नवीन माणसाच्या निम्म्या अडचणी ह्या स्पेस आणि डॅशच्याच असतात.

प्रॉक्सी म्हणजे काय ते दोन वाक्यात. गल्लीतल्या प्रत्येक घरानं किलोभर साखरेसाठी मार्केट यार्डात जायचं म्हटलं तर काय होईल? त्यापेक्षा गल्लीतला दुकानदार एकदा पोतं आणून ठेवतो आणि मागेल त्याला देतो. स्क्विड हा तो दुकानदार. एका मशीननं फाईल मागितली की तो बाहेरनं आणतो, स्वतःजवळ एक प्रत ठेवतो (ह्या साठ्याला कॅशे म्हणतात), दुसऱ्या मशीननं तीच मागितली की घरातलीच देतो. शिवाय कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे पण तोच बघतो, आणि कुणी काय नेलं त्याची वही लिहितो. हा प्रोजेक्ट १९९६ पासनं चाललाय, हार्वेस्ट नावाच्या संशोधन प्रकल्पातल्या कॅशेमधनं तो निघाला, सुरुवातीला ड्युएन वेसल्स ह्यांनी सांभाळला आणि त्या काळात त्याला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा पैसा होता. आज जगभरचे स्वयंसेवक तो जीपीएल लायसन्सखाली सांभाळतात. म्हणजे सोर्स आपल्याला बघाय, बदलाय, कंपाईल कराय पूर्ण मोकळा आहे, कुणाची परवानगी नको.

आता पहिला प्रश्न, कंपाईल करायचंच कशाला? ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल स्क्विड’ म्हटलं की दोन मिनिटात बसतंय की. खरं आहे, आणि तेवढ्यावर तुमचं काम भागत असेल तर तेच करा, मी मनापासनं सांगतोय. पॅकेज घेतलं की सिक्युरिटीचे अपडेट आपोआप येतात, ही मोठी गोष्ट आहे. पण आमच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, जसं असतंय, तयार पार्ट बाजारात मिळतो तोवर मिळतो, आणि एक दिवस तुमच्या मशीनला पाव सूत वेगळा पार्ट लागतो, मग लेथवर स्वतःच्या मापाचा करून घ्यावा लागतो. तुमच्या डिस्ट्रिब्युशनमधली (म्हणजे उबुंटू, डेबियन जे काही असेल त्यातली) व्हर्जन जुनी पडलेली असली, किंवा त्यात नसलेलं एखादं ऑप्शन पाहिजे असलं, किंवा आतलं सगळं शिकून घ्यायचं असलं तर सोर्सवर या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एका सिक्युरिटी संशोधकानं स्क्विडमधल्या ५५ त्रुटींची यादी जाहीर केली होती, त्यातली एक डायजेस्ट ऑथेंटिकेशनमधली (पासवर्ड तपासायची एक पद्धत) बफर ओव्हरफ्लोची, म्हणजे ठरलेल्या जागेबाहेर डेटा सांडायची, बऱ्यापैकी गंभीर होती, ती ६.४ मध्ये दुरुस्त झाली. असल्या वेळी नवी व्हर्जन स्वतः कंपाईल करता येणं हा हातातला हुन्नर आहे.

मशीन आणि घड्याळ

मशीन फार भारी नको. २ जीबी रॅम असली तरी होतंय, फक्त कंपाईल करताना काळजी घ्यावी लागतीय, ते पुढं सांगतो. डिस्कवर सोर्स आणि कंपाईलसाठी दोन-तीन जीबी मोकळी ठेवा, कॅशेची जागा वेगळी धरा.

सगळ्यात आधी मात्र ‘डेट’ कमांड मारून तारीख-वेळ बघा. हसण्यावारी नेऊ नका. जुन्या मशीनचा मदरबोर्डवरचा सेल उतरलेला असतो, लाईट गेली की घड्याळ कुठल्या कुठं मागं जातंय. मग डाऊनलोडच होत नाही कारण साईटचं सर्टिफिकेट मशीनला चुकीच्या तारखेचं वाटतंय, आणि झालंच तर कॉन्फिगर (कंपाईलच्या आधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट, पुढं येतीय) म्हणतो की आत्ता बनवलेली फाईल सोर्सच्या फाईलपेक्षा जुनी आहे, घड्याळ तपासा. मेक, म्हणजे कंपाईल करवून घेणारी कमांड, तिच्यामध्ये ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ असं येतंय. माझी अख्खी एक संध्याकाळ ह्यात गेलीय, आणि शेवटी चाळीस रुपयाचा सेल बदलून काम झालं. तेव्हा सेल बदला, नेटवरनं वेळ सिंक होऊ द्या, मग पुढं.

अवजारं गोळा करणं

‘सुडो ॲप्ट अपडेट’ करा आणि मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल पीकेजी-कॉन्फिग पर्ल लिबसिस्टमडी-डेव्ह’. बिल्ड-इसेन्शियल मध्ये कंपायलर आणि मेक दोन्ही येतात. स्क्विड सी प्लस प्लस मध्ये लिहिलेला आहे आणि ६ व्या सिरीजपासनं त्याला सी प्लस प्लस १७ समजणारा कंपायलर लागतो, उबुंटू २२.०४ मधला जीसीसी ११ आरामात चालतो. फारच जुनी उबुंटू असेल तर आधी ती बदला, जुन्या कंपायलरशी झुंजत बसण्यात अर्थ नाही.

ते शेवटी ‘डेव्ह’ लागलेलं पॅकेज बघितलंत का, ते नीट समजून घ्या कारण पुढं कुठलंही सॉफ्टवेअर कंपाईल करताना हेच आडवं येतंय. लायब्ररी मशीनवर असती, प्रोग्राम चालतात, तरी कॉन्फिगर म्हणतो सापडली नाही. कारण चालवायला लागणारी लायब्ररी वेगळी आणि तिच्यावर नवं काही बांधायला लागणाऱ्या हेडर फाईल वेगळ्या, त्या ‘डेव्ह’ वाल्या पॅकेजमध्ये असतात. कॉन्फिगरनं अमुक लायब्ररी नाही म्हटलं की डोळे झाकून त्या नावाचं डेव्ह पॅकेज शोधा, दहापैकी नऊ वेळा तेच असतंय.

सोर्स आणायचा, आणि तपासायचा

स्क्विडच्या अधिकृत साईटवरनं किंवा त्यांच्या गिटहबच्या रिलीज पानावरनं स्टेबल व्हर्जनचं टार डॉट जीझेड, म्हणजे सगळा सोर्स एकत्र बांधलेली फाईल, घ्या. नवीन माणसं थेट गिटवरनं क्लोन करतात आणि मग विचारतात की सर कॉन्फिगर नावाची फाईलच नाही. गिटमध्ये ती नसतीच, तिथं आधी ‘बूटस्ट्रॅप’ नावाची स्क्रिप्ट चालवून ती बनवावी लागतीय आणि त्याला ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल अशी आणखी अवजारं लागतात. पहिल्या वेळेला त्या वाटेला जाऊ नका. रिलीजच्या टार फाईलमध्ये कॉन्फिगर तयार असतो.

टार फाईलच्या शेजारीच एएससी शेवट असलेली छोटी फाईल असतीय, ती पण उतरवा. ती सही आहे. ज्यानं रिलीज काढली त्याची पब्लिक की अधिकृत साईटवर सांगितलेली असतीय ती जीपीजीमध्ये (सही तपासणारा प्रोग्राम) घ्या आणि ‘जीपीजी --व्हेरिफाय’ पुढं आधी एएससी फाईलचं नाव, मग टार फाईलचं नाव द्या. ‘गुड सिग्नेचर’ आलं तर बरं. त्याखाली एक वॉर्निंग येतीय की ही की विश्वासू म्हणून नोंदलेली नाही, त्यानं घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही त्या माणसाला ओळखता असं जीपीजीला कधी सांगितलेलं नाही. ‘बॅड सिग्नेचर’ आलं तर मात्र फाईल उडवा आणि परत उतरवा. ही पायरी कुणी करत नाही, आणि मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण तुम्ही असा प्रोग्राम बसवताय ज्यातनं अख्ख्या क्लासचं, ऑफिसचं नेट जाणार आहे. दोन मिनिटं द्या.

मग ‘टार एक्सझेडएफ’ पुढं फाईलचं नाव, फोल्डर उघडलं की ‘सीडी’ करून आत जा. हे सगळं आपल्या साध्या युजरनंच करा, रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन नाही. सुडो फक्त शेवटी बसवताना लागतो.

कॉन्फिगर

कॉन्फिगर म्हणजे माप घेणं. तुमच्या मशीनवर काय आहे, काय नाही ते तो एकेक करून तपासतो आणि त्यावरनं मेकफाईल तयार करतो. मी असा चालवतो:

./कॉन्फिगर --प्रिफिक्स=/यूएसआर/लोकल/स्क्विड --विथ-डिफॉल्ट-युजर=प्रॉक्सी

प्रिफिक्स म्हणजे सगळं कुठं बसवायचं ती जागा. काही दिलं नाही तरी स्क्विड हीच धरतो, पण मी मुद्दाम लिहितो, सहा महिन्यांनी बघणाऱ्याला कळतंय. एकाच फोल्डरमध्ये सगळं राहिल्यामुळं पॅकेजवाल्या स्क्विडशी भांडण होत नाही आणि काढून टाकायचं झालं तरी सोपं. दुसरं ऑप्शन युजरचं. स्क्विड सुरू होतो रूट म्हणून, पण लगेच अधिकार टाकून साध्या युजरवर येतो. काही सांगितलं नाही तर ‘नोबडी’ युजर घेतो. उबुंटू-डेबियनमध्ये ‘प्रॉक्सी’ नावाचा युजर आधीपासनं असतोच, तो वापरा.

कंपाईल एका मशीनवर करून दुसऱ्या वेगळ्या प्रोसेसरच्या मशीनवर न्यायचा विचार असेल तर ‘--डिसेबल-आर्च-नेटिव्ह’ पण लावा, नाहीतर तिकडं गेल्यावर ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडतोय.

ओपनएसएसएलचं ऑप्शन मी मुद्दाम लावलेलं नाही. बरेच जण तेवढ्यासाठीच कंपाईल करतात, म्हणजे एचटीटीपीएसचं ट्रॅफिक मध्येच उघडून बघायला. माझं स्पष्ट मत आहे की नवीन माणसानं त्यात पडू नये आणि दुसऱ्याच्या मशीनवर त्याला न सांगता तर अजिबात नाही. आपल्या क्लासमध्ये पोरं बँकेचं पान उघडतात, फीचे पैसे भरतात, त्यांचं ते कुलूप आपण मध्ये उघडायचं हे योग्य नाही. साध्या प्रॉक्सीला त्याची गरजही नाही.

कॉन्फिगर चालू असताना पडद्यावर शेकडो ओळी पळतात, ‘येस’ ‘नो’ ‘येस’ ‘नो’. ‘नो’ दिसला म्हणजे बिघडलं असं नाही, बऱ्याच गोष्टी ऐच्छिक असतात. थांबला आणि ‘एरर’ शब्द आला तरच बघायचं. आणि तिथं कळलं नाही तर त्याच फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग डॉट लॉग’ आहे, त्यात काय तपासलं आणि का फसलं ते सगळं असतंय.

मेक, आणि गडहिंग्लजचा फोन

आता ‘मेक’. इथं प्रत्यक्ष कंपाईल होतंय, आमच्या जुन्या ड्युअल कोअर मशीनला पाऊण तास लागला होता. प्रोसेसर जास्त कोअरचा असेल तर ‘मेक -जे४’ असं देऊन एका वेळी चार फाईल घेता येतात, पण रॅम बघून.

गेल्या पावसाळ्यात गडहिंग्लजच्या एका पोराचा फोन आला, आमच्याकडंच शिकून गेलेला. सर, कंपाईल होईना, सारखं एरर येतंय. म्हटलं वाच. तर म्हणाला, ‘मेक, एरर २’. म्हटलं बाळा ती शेवटची ओळ आहे, तिच्यात काही नसतंय, वर जा. वर गेला तर परत ‘एरर १’. म्हटलं अजून वर, जिथं पहिल्यांदा बिघडलं तिथं जा. असं करत करत तीस-चाळीस ओळी वर गेल्यावर त्यानं वाचलं: ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस’. तिथं सगळं कळलं. कोडमध्ये काही चूक नव्हती, कंपायलरला लिनक्सनंच मारलं होतं, कारण २ जीबी रॅमच्या मशीनवर त्यानं -जे४ दिलं होतं आणि चार कंपायलर मिळून रॅम खाऊन बसले होते. ‘सुडो डीमेसेज’ बघायला सांगितलं, लिहिताना त्यात शेवटी मेसेजची स्पेलिंग पूर्ण नाही, डी-एम-ई-एस-जी एवढीच अक्षरं, त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ स्वच्छ लिहिलेलं.

उपाय दोन. नुसतं ‘मेक’ म्हणा, -जे नको, वेळ जाईल पण होईल. तरी पण पडलं तर २ जीबीची स्वॅप फाईल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा: ‘सुडो फॅलोकेट -एल २जी /स्वॅपफाईल’, ह्यातला जी मोठा, मग ‘सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅपफाईल’, ‘सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाईल’, ‘सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाईल’. आणि परत ‘मेक’ म्हणा. पहिल्यापासनं सुरू करावं लागत नाही, जेवढ्या फाईल झाल्यात त्या मेक सोडून देतो आणि जिथं थांबला होता तिथनं पुढं चालतो. त्या पोराचं रात्री साडेअकराला पूर्ण झालं, मेसेज आला, मला पण बरं वाटलं.

एवढं एक मनात पक्कं करा, एरर आला की शेवटची ओळ कुणाला दाखवू नका, पहिला एरर शोधा. नाहीतर मेकचं सगळं एका फाईलमध्ये पण घ्या, ‘मेक २>&१ | टी मेक.लॉग’, टी म्हणजे चहा नव्हे, टी-डबल ई असं स्पेलिंग असलेली कमांड, आणि मग त्या फाईलमध्ये ‘एरर’ शब्द शोधा.

वेळ असेल तर ‘मेक चेक’ पण चालवा, स्क्विडच्या स्वतःच्या चाचण्या होतात.

बसवणं आणि परवानग्या

‘सुडो मेक इन्स्टॉल’. दोन मिनिटात होतंय. आता मुख्य प्रोग्राम /यूएसआर/लोकल/स्क्विड/एसबिन मध्ये, सेटिंगची फाईल ईटीसी मध्ये स्क्विड.कॉन्फ ह्या नावानं, आणि लॉग व्हार/लॉग्ज मध्ये. बसला का बघायला ‘/यूएसआर/लोकल/स्क्विड/एसबिन/स्क्विड -व्ही’ मारा. व्हर्जन तर दिसतीच, शिवाय तुम्ही कॉन्फिगरला कुठली ऑप्शन दिली होती ती पण जशीच्या तशी दिसतात, हे फार कामाचं आहे, पुढच्या व्हर्जनला तीच उचलून वापरायची.

आता लगेच चालू केला तर नव्वद टक्के लोकांना हा एरर येतो: ॲक्सेस डॉट लॉग लिहायला उघडता येत नाही, वरच्या फोल्डरमध्ये प्रॉक्सी युजरला लिहिता आलं पाहिजे. कारण सुडोनं बसवल्यामुळं व्हार फोल्डरचा मालक रूट झालाय, आणि स्क्विड चालतोय प्रॉक्सी म्हणून. ‘सुडो सीएचओन -आर प्रॉक्सी:प्रॉक्सी /यूएसआर/लोकल/स्क्विड/व्हार’, आर मोठा. झालं. ७७७ परवानगी देऊन मोकळे होऊ नका, ती सवय वाईट.

स्क्विड.कॉन्फ

इथं घाई करायची नाही. फाईल उघडायच्या आधी तिची एक प्रत ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणाला आत घ्यायचं. फाईलमध्ये वर ‘एसीएल लोकलनेट’ अशा काही ओळी आहेत (एसीएल म्हणजे नियमात वापरायला दिलेलं एखाद्या गटाचं नाव), त्यात घरगुती आणि ऑफिसच्या नेटवर्कचे आयपी दिलेत. तुमचं नेटवर्क १९२.१६८.१ नं सुरू होत असेल तर बाकीच्या लोकलनेटच्या ओळी काढून फक्त ‘एसीएल लोकलनेट एसआरसी १९२.१६८.१.०/२४’ एवढी ठेवा. मग खाली ‘एचटीटीपी_ॲक्सेस अलाउ लोकलनेट’ ही ओळ शोधा, तिच्यापुढं हॅशची खूण असेल तर काढा. आणि तिच्याखाली ‘एचटीटीपी_ॲक्सेस डिनाय ऑल’, ही ओळ शेवटीच राहिली पाहिजे आणि ती कधीही काढायची नाही.

स्क्विड हे नियम वरनं खाली वाचतो आणि जो पहिला लागू पडला तो धरून थांबतो, खालचे बघतच नाही. एखादी साईट बंद करायची असेल तर ‘एसीएल नको डीएसटीडोमेन’ पुढं साईटचं नाव, नावाच्या आधी एक डॉट द्या म्हणजे तिच्या पोटातल्या सगळ्या साईट पण धरल्या जातात, आणि मग ‘एचटीटीपी_ॲक्सेस डिनाय नको’. ही डिनायची ओळ अलाउ लोकलनेटच्या वर पाहिजे. खाली टाकलीत तर ती तिथं नुसतीच पडून राहणार, कारण पोराच्या मशीनला वरच्या ओळीनं आधीच आत घेतलंय.

आणि हात जोडून सांगतो, कुठनही वाचून ‘अलाउ ऑल’ करू नका. स्क्विड ३१२८ पोर्टवर ऐकतो हे सगळ्या जगाला माहीत आहे. पब्लिक आयपीवर उघडी प्रॉक्सी सोडली की कुणीतरी ती शोधतंयच, आणि तिच्यातनं जे काही केलं जाईल त्यावर पत्ता तुमचा असतोय. फायरवॉल पण लावा: ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ३१२८’. त्या मशीनवर बाहेरनं एसएसएच करत (म्हणजे दुसरीकडनं टर्मिनल उघडत) असाल तर यूएफडब्ल्यू चालू करायच्या आधी एसएसएचला परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.

मग कॅशे. मूळ फाईलमध्ये डिस्कवरचा कॅशे बंद असतो, फक्त रॅममध्ये ठेवतो. आमच्या कामाला डिस्क पाहिजेच. दोन ओळी, आणि ह्याच क्रमानं:

मॅक्झिमम_ऑब्जेक्ट_साईझ ५१२ एमबी
कॅशे_डीआयआर यूएफएस /यूएसआर/लोकल/स्क्विड/व्हार/कॅशे/स्क्विड २०००० १६ २५६

पहिली ओळ नाही दिली तर ४ एमबीपेक्षा मोठी फाईल स्क्विड साठवतच नाही, आणि अपडेटच्या मोठ्या फाईल तर त्याच्या कितीतरी पट असतात. ती ओळ कॅशे_डीआयआरच्या वर पाहिजे, खाली दिली तर लागू होत नाही, ह्यावर मी बराच वेळ डोकं फोडलंय. २०००० म्हणजे एमबी, म्हणजे साधारण २० जीबी. १६ आणि २५६ म्हणजे १६ फोल्डर आणि प्रत्येकात २५६ फोल्डर. आणि डिस्कवरच्या दर जीबीमागं ६४ बिट मशीनला साधारण १४ एमबी रॅम नुसती यादी सांभाळायला लागते, म्हणजे २० जीबीला २८० एमबी. त्यामुळं मोठी डिस्क रिकामी आहे म्हणून ५०० जीबी देऊन बसू नका.

चालू करणं

‘सुडो /यूएसआर/लोकल/स्क्विड/एसबिन/स्क्विड -के पार्स’, हा फक्त फाईल वाचून चुका सांगतो. चूक नाही म्हटल्यावर त्याच प्रोग्रामला ‘-झेड’ देऊन ते कॅशेचे फोल्डर बनवून घ्या, आणि मग काही न लावता नुसता चालू करा. ‘एसएस -एलटीएन’ मध्ये ३१२८ दिसला म्हणजे दुकान उघडलं. पुढं फाईलमध्ये काही बदललं की बंद-चालू नको, ‘-के पार्स’ आणि मग ‘-के रीकॉन्फिगर’ पुरतंय.

मशीन चालू झाली की आपोआप सुरू व्हायला सोर्सच्या टूल्स/सिस्टमडी फोल्डरमध्ये स्क्विड.सर्व्हिस फाईल आहे. ती /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम मध्ये कॉपी करा, आणि आतले स्क्विडचे आणि पीआयडी फाईलचे (चालू प्रोग्रामचा नंबर ठेवणारी फाईल) रस्ते आपल्या प्रिफिक्सप्रमाणं बदला. त्यात टाईप ‘नोटिफाय’ असेल आणि तुम्ही लिबसिस्टमडी-डेव्ह न घालता कंपाईल केलं असेल तर सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) वाट बघून बघून दीड मिनिटानं स्क्विडला बंद करतंय, म्हणून ते पॅकेज सुरुवातीलाच घालायला सांगितलंय. सर्व्हिस लावायच्या आधी हातानं चालू केलेला बंद करा, ‘-के शटडाउन’, आणि थांबा. चालू असलेली कनेक्शन संपायला तो ३० सेकंद देतो, तेवढ्यात अडकला समजून बटण दाबू नका. लाईट गेल्यावर बंद पडला तर पुढच्या वेळी अख्खा कॅशे परत तपासत बसतो आणि तोवर मशीन जड चालते, आपल्याकडं वळवाच्या पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तर ह्या मशीनला छोटा यूपीएस द्याच.

दुसऱ्या मशीनवरनं वापरणं, आणि लॉग वाचणं

ब्राउझरला सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा आयपी आणि ३१२८ पोर्ट द्या. अपडेटसाठी प्रत्येक मशीनवर /ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी मध्ये एक छोटी फाईल करा आणि त्यात एकच ओळ: अक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी "एचटीटीपी://१९२.१६८.१.१०:३१२८"; ह्यातला शेवटचा अर्धविराम विसरू नका, आणि अक्वायर आणि प्रॉक्सीचं पहिलं अक्षर मोठं.

मग प्रॉक्सीच्या मशीनवर ‘सुडो टेल -एफ /यूएसआर/लोकल/स्क्विड/व्हार/लॉग्ज/ॲक्सेस.लॉग’ लावून बसा आणि एका मशीनवर अपडेट सुरू करा. प्रत्येक ओळीत आधी वेळ, मग किती मिलिसेकंद लागले, मग कुठल्या आयपीनं मागितलं, मग निकाल, मग किती बाईट. पहिल्या मशीनला सगळीकडं ‘टीसीपी_मिस’ दिसणार, म्हणजे बाहेरनं आणलं. आता दुसऱ्या मशीनवर तेच अपडेट करा. ‘टीसीपी_हिट’ किंवा ‘टीसीपी_मेम_हिट’ असं दिसलं की समजायचं घरातनं दिलं. आमच्याकडं पहिल्यांदा हे झालं तेव्हा चार-पाच पोरं माझ्या मागं उभी राहून पडदा बघत होती, हिट, हिट, हिट अशा ओळी पळायला लागल्या आणि जे अपडेट पहिल्या मशीनला पाऊण तास खात होतं ते शेजारच्या मशीनला बघता बघता संपलं.

दुसऱ्या मशीनला पण मिसच येत असेल तर दोन्ही मशीन एकाच मिररवरनं (पॅकेजं देणाऱ्या सर्व्हरवरनं) घेतात का बघा. पत्ता एका अक्षरानं वेगळा असला तरी स्क्विडला ती वेगळी वस्तू वाटते. ‘टीसीपी_डिनाइड’ आलं तर आयपी लोकलनेटमध्ये बसत नाही किंवा नियमांचा क्रम चुकलाय.

आणि ‘टीसीपी_टनेल’ बरोबर कनेक्ट आणि ४४३ दिसेल, ते एचटीटीपीएस. ते बंद पाकिटासारखं आरपार जातंय, स्क्विडला आतलं दिसत नाही आणि साठवता पण येत नाही. आज बहुतेक साईट अशाच आहेत, त्यामुळं प्रॉक्सी बसवली म्हणून व्हिडिओ वेगानं चालतील अशी आशा कुणाला लावू नका. उबुंटू आणि डेबियनची पॅकेजं मात्र साध्या एचटीटीपीनं येतात, त्यांची सही ॲप्ट वेगळी तपासतो म्हणून ते सुरक्षित पण राहतंय, आणि लॅबला खरा फायदा तिथंच आहे.

नवी व्हर्जन आली की

तुम्ही स्वतः बसवलाय, म्हणजे ‘ॲप्ट अपग्रेड’ त्याला हात लावणार नाही. महिन्यातनं एकदा अधिकृत साईटवर जाऊन नवी स्टेबल व्हर्जन आणि सिक्युरिटीची सूचना बघायची, मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी क्लास उघडायच्या आधी बघतो. नवी असली तर वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा, ‘स्क्विड -व्ही’ मधली तीच ऑप्शन देऊन कॉन्फिगर, मेक. तोपर्यंत जुना चालूच राहू दे, पोरांचं काही अडत नाही. क्लास सुटल्यावर स्क्विड.कॉन्फची प्रत बाजूला काढा, जुना शटडाउन करा, तीस सेकंद थांबा, ‘सुडो मेक इन्स्टॉल’, मग ‘-के पार्स’. एखादं जुनं सेटिंग नव्या व्हर्जननं काढून टाकलं असेल तर ते इथंच सांगतंय, ती ओळ नीट करा आणि चालू करा. जुन्या सोर्सचं फोल्डर महिनाभर उडवू नका, नव्यात काही बिघडलं तर त्या फोल्डरमध्ये जाऊन परत ‘सुडो मेक इन्स्टॉल’ केलं की पाच मिनिटात जुना जागेवर येतो.